पायाला भिंगरी, हातात लेखणी

‘मोठेपणी कोण होणार?’ असं पाहुण्यांनी विचारलं की तुमची उत्तरं ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, क्रिकेटपटू. पण कुणी जर म्हणालं, ‘मी भटकणार आणि भटकंतीचं लिहून पोट भरणार’, तर? पाहुणे हसतील आणि आईबाबा एकमेकांकडे बघतील. ‘अरे, असा काय धंदा असतो होय?’

असतो, बरं का! आपल्या मराठीत एका माणसानं तो चांगला पन्नास वर्षं केला. त्यांचं नाव गोपाळ नीलकंठ दांडेकर. वाचक त्यांना गोनीदा म्हणत आणि घरची मंडळी ‘आप्पा’.

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ चा, विदर्भातल्या परतवाड्याचा. १९३० साली देशात मिठाचा सत्याग्रह पेटला, तेव्हा हा मुलगा तेरा वर्षांचा होता. शाळा सातवीपर्यंत झालेली. स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घ्यायची म्हणून तो सरळ घरातून निघून गेला. (तुम्ही मात्र असं काही करू नका हं! तो काळच वेगळा होता.) पुढची कितीतरी वर्षं पायपिटीत गेली. गाडगेबाबांची गाठ पडली, त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडणं झालं. संतांच्या ग्रंथांचा अभ्यास झाला. आणि मग नर्मदेची परिक्रमा.

ही परिक्रमा म्हणजे साधीसुधी सहल नव्हे. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. नदी सतत उजव्या हाताला ठेवून एका काठानं जायचं आणि दुसऱ्या काठानं परत यायचं, तेही पायी. जवळ पैसाअडका ठेवायचा नाही. वाटेत जे गाव लागेल तिथं भिक्षा मागायची आणि मिळेल ते खायचं. या अनुभवातून पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ हे पुस्तक झालं. नुसता नकाशा बघून असं पुस्तक लिहिता येत नाही. परक्या दारात भाकरीसाठी उभं राहिलं की ते घर कसं आहे, हे माणसाला बरोबर कळतं.

१९४७ साली गोनीदांनी ठरवलं की यापुढे फक्त लिहायचं, नोकरी करायची नाही. मुक्काम पुण्याजवळ तळेगाव दाभाड्याला. आता पालक मंडळी विचारतील, ‘पोटापाण्याचं काय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. थोडा हिशेब करू या. समजा, पुस्तकाची किंमत २०० रुपये आहे आणि लेखकाला शेकडा १० रॉयल्टी मिळते. म्हणजे एका प्रतीमागे २० रुपये. हजार प्रती खपल्या तर २० हजार, आणि त्या खपायला दोन-तीन वर्षंही लागू शकतात! त्यात प्रवासाचा खर्च पदरचा. म्हणूनच बहुतेक प्रवासलेखकांचा दुसरा काही उद्योग असतो. देशोदेशीची प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या मीना प्रभू पेशानं डॉक्टर होत्या. गोनीदांनी मात्र लेखणीवरच संसार चालवला. त्यासाठी किती लिहावं लागलं असेल! कादंबऱ्या, चरित्रं, मुलांची पुस्तकं, किल्ल्यांवरचे लेख. पुस्तकांची संख्या शंभराच्या घरात गेली. १९७६ साली ‘स्मरणगाथा’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सातवी शिकलेला माणूस! १ जून १९९८ रोजी ते गेले.

किल्ले हे त्यांचं वेड. राजगड, रायगड किती वेळा चढले असतील! एकदा बघितला आणि यादीत खूण केली, असं त्यांचं नसे. पावसाळ्यात गड कसा दिसतो, उन्हाळ्यात कसा दिसतो, हे बघायला पुन्हा जायचं. गळ्यात कॅमेरा असायचा. त्यांनी काढलेल्या गडांच्या छायाचित्रांचंही पुढे पुस्तक झालं. ‘दुर्गदर्शन’, ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचून कितीतरी मुलांनी पहिल्यांदा पाठीवर पिशवी टाकली.

पण मला विचाराल तर त्यांचे कान त्यांच्या पायांपेक्षा मोठे होते. ज्या मुलखात जात, तिथली बोली ते टिपून घेत. ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये वऱ्हाडी, ‘पडघवली’त कोकणची, ‘पवनाकाठचा धोंडी’त मावळातली. आणि ‘जैत रे जैत’मध्ये डोंगरातले ठाकर. याच कादंबरीवर १९७७ साली जब्बार पटेलांचा चित्रपट निघाला.

ठाकर म्हटल्यावर शहापूर-मुरबाडच्या मुलांचे कान टवकारले असतील! तुमच्या वर्गात, शेजारच्या पाड्यावर ठाकर आहेत, कातकरी आहेत, महादेव कोळी आहेत. लेखक ज्यासाठी शेकडो मैल चालतात, ते तुमच्या उंबऱ्याशी आहे. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमधून आसनगाव आलं की डावीकडे सुळक्यांची रांग दिसते ना? तो माहुली. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे त्याचे तीन भाग. १६३६ साली शहाजीराजे याच गडावर मोगल आणि आदिलशाही फौजांशी झुंजले आणि शेवटी गड सोडावा लागला. शिवाजीराजांनी तो घेतला, पुरंदरच्या तहात दिला आणि १६७० मध्ये परत मिळवला. तोही सहजासहजी नाही. आधीचा हल्ला किल्लेदार मनोहरदास गौडानं परतवून लावला होता. लोकलमधल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

मुरबाडकरांचा नाणेघाट तर दोन हजार वर्षांचा. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतून माल इथून जुन्नरला चढत असे. माथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ किती केले, गाई किती दिल्या, नाणी किती दिली, सगळे आकडे कोरलेले! आपल्या देशातल्या फार जुन्या आकड्यांत त्यांची गणना होते.

आता वही काढा. पहिल्या पानावर ‘निसर्गरम्य परिसर’ असं लिहू नका, कारण त्यातून काहीच कळत नाही. जूनच्या पहिल्या पावसात बाजारात शेवळं येतात. विकणाऱ्या मावशींना विचारा, ‘मावशी, ही कुठल्या रानात मिळतात? खाजू नये म्हणून बरोबर काकडं का घालायची?’ मावशी सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत उतरवा. आजोबांना विचारा की रस्ता नव्हता तेव्हा म्हशाच्या जत्रेला बैल घेऊन कुठल्या वाटेनं जात.

अवघड प्रश्नही टाळू नका. तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्यांचं पाणी मुंबईला जातं. तानसाचं धरण तर १८९२ मधलं. आणि त्याच तालुक्यातल्या काही पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मुंबईहून येणारा पाहुणा धरणाच्या भिंतीचा फोटो काढून जाईल. टँकर किती दिवसांनी येतो, हंडे घेऊन रांगेत कोण उभं राहतं, त्या दिवशी कुणाची शाळा बुडते, हे त्याला दिसणार नाही. तुम्हांला दिसतं. तारीख, पाड्याचं नाव आणि हंड्यांची संख्या घालून लिहा.

गडावर जाताना मात्र मोठं माणूस बरोबर घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि नाणेघाटात गेलात तर वरच्या बाजूला एक दगडी रांजण आहे, त्याच्याशी थांबा. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. रांजण खरोखर केवढा आहे? दोरी सोबत न्या आणि स्वतः मोजा.