निर्जीव गोळ्याची गोष्ट

संग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तिकिटे, नाणी, फार तर काड्यापेट्यांचे छाप येतात. बर्मिंगहॅमला राहणाऱ्या माझ्या मामाचे कपाट उघडले, तेव्हा मीही तशीच काही अपेक्षा केली होती. आत होते महायुद्धातील हातगोळे! मी दोन पावले मागे सरकलो. मामा हसून म्हणाला, “अरे, घाबरतोस काय? सगळे पोकळ आहेत. पण न विचारता हात लावायचा नाही, हा पहिला नियम.”

त्या सुट्टीत मी जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो.

विल्यम मिल्स यांचा हातगोळा १९१५ साली याच बर्मिंगहॅममध्ये तयार होऊ लागला. माणसाच्या हाताने तो तीसेक यार्डच जाई; शत्रूचा खंदक त्याहून लांब. मग गोळ्याच्या बुडाला लोखंडी सळई जोडून ती रायफलीच्या नळीत घालण्याची युक्ती निघाली. पण सळईमुळे नळी फुगे, रायफल निकामी होई. यावर उपाय म्हणजे नळीच्या तोंडावर बसवायचा पेला. ‘क्रमांक ३६’ च्या गोळ्याच्या बुडाला एक चकती लावत आणि तो पेल्यात बसवत. पिन काढली तरी त्याची तरफ पेल्याच्या भिंतीने दबलेली राही. बार उडताच चकतीमागे वायू कोंडे, गोळा सुमारे दोनशे यार्ड जाई. बाहेर पडताना तरफ सुटे व वात पेटे. हाताने फेकण्याच्या गोळ्याची वात चार सेकंदांची, तर या लांबच्या प्रवासासाठी सात सेकंदांची. धक्का एवढा मोठा, की रायफलीचा दस्ता जमिनीला टेकवूनच बार काढावा लागे. आपल्या ईशापूरच्या कारखान्यातल्या काही रायफलींचे लाकूड तांब्याच्या तारेने आवळलेले दिसते, ते याच कामासाठी.

खरी मेख मात्र काडतुसात आहे. या काडतुसाला गोळी नसते. तोंड चिमटून बंद केलेले असते आणि आत बॅलिस्टाइट ही जलद जळणारी दारू असते. कवायतीचे फुसके काडतूसही वरवर पाहता तसेच. ते भरले तर गोळा जवळच पडण्याचे भय. आणि चुकून गोळीचे काडतूस भरले, तर गोळी थेट पेल्यातल्या गोळ्यावरच आदळणार! घाईत, अंधारात, चिखलाने माखलेल्या बोटांनी हा फरक ओळखायचा. म्हणूनच मामा गोळ्याशेजारी त्याचे रिकामे काडतूसही ठेवतो. एकावाचून दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

एका गोळ्यावर ‘३६ एम’ अशी अक्षरे होती. मामाने सांगितले, “एम म्हणजे मेसोपोटेमिया. तिथल्या हवेत आतली दारू बिघडू नये म्हणून लाखेचा लेप देत.” मी चमकलो. माझे पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले होते. आजी सांगते, दिवाळीत पहिला फटाका वाजला की ते आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेत. कुणी कारण विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. असा गोळा त्यांनी हाताळला होता की नाही, कोण जाणे. पण तो पाऊण किलोचा थंड लोखंडी गोळा तळहातावर घेताना त्या बंद दाराची मला प्रथमच काहीशी कल्पना आली.

शेवटी एक कळकळीचे सांगणे. जिवंत आणि निर्जीव गोळा बाहेरून सारखाच दिसतो. फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत नांगराच्या फाळाला शंभर वर्षांपूर्वीचे गोळे आजही लागतात आणि तेही जीव घेऊ शकतात. आपल्याकडे असे काही सापडले, तर हौस बाजूला ठेवावी, हात न लावता पोलिसांना कळवावे.

मामाच्या कपाटातून मी काहीही आणले नाही. पणजोबांच्या एका मौनाचा थोडासा अर्थ तेवढा घेऊन आलो.