स्त्रियांमधील मानवी पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग

मानवी पॅपिलोमा विषाणू किंवा एचपीव्ही हा त्वचेला आणि शरीरातील ओलसर अंतःत्वचेला बाधा करणारा विषाणूंचा समूह आहे. त्याच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग होतात. हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रादुर्भाव

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील या संसर्गाचे चित्र उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील पाहणीतून स्पष्ट झाले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून ती केली. गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा तीत समावेश करण्यात आला. एचपीव्ही चाचणी झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के स्त्रियांमध्ये संसर्ग आढळला.

जोखमीचे घटक

हा विषाणू मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरतो. कमी वयात सुरू झालेले संबंध, तसेच स्त्रीचे किंवा तिच्या पतीचे अनेक जोडीदार असणे यांमुळे संसर्गाची शक्यता वाढते. पतीकडूनही बाधा होऊ शकत असल्याने संसर्गावरून स्त्रीच्या वर्तनाविषयी निष्कर्ष काढता येत नाही. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसे होतात. मात्र एचआयव्हीची बाधा, धूम्रपान आणि अनेक बाळंतपणे या परिस्थितीत संसर्ग टिकून कर्करोगात परिणत होण्याचा धोका अधिक असतो. या बदलाला साधारणपणे १० ते २० वर्षे लागतात. म्हणूनच वेळीच निदान झाल्यास कर्करोग टाळता येतो.

तपासणी आणि प्रतिबंध

उस्मानाबादच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही चाचणी करून आवश्यक तेथे उपचार केलेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या; तपासणी न झालेल्या, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटात ही संख्या ६४ होती. तुलनेसाठी एका गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेपही घेण्यात आले.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लसीला २०२२ साली भारतात मान्यता मिळाली. लस असलेला संसर्ग बरा करत नाही. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना ती मुख्यतः ९ ते १४ वयाच्या मुलींना देण्याची शिफारस करते. लस घेतलेल्या स्त्रियांनीही पुढे नियमित तपासणी करून घेणे आवश्यक असते.