घोड्याचे पाय, लेखांक ६ : लंगडणे थांबल्यानंतर

मागच्या लेखांकात लिगामेंटच्या दुखापतीचे पहिले दिवस पाहिले : थंड पाण्याची धार, पट्टी, वेदनाशामक, सोनोग्राफी. सूज उतरते, काही आठवड्यांत घोडा चारही पाय सारखे टाकू लागतो आणि मालक सुटकेचा निःश्वास टाकतो. माझ्या मते खरा धोका इथूनच सुरू होतो.

ज्या लिगामेंटविषयी आपण बोलत आहोत, ते नळीच्या हाडामागून खाली उतरते, पुढे त्याच्या दोन शाखा होतात आणि त्या घोट्यामागच्या दोन लहान हाडांना धरतात. पाऊल टेकले की घोटा जमिनीकडे झुकतो. तो भार मुख्यतः हेच पेलते. ते फाटले की शरीर ती जागा घाईने भरून काढते. ही भर कच्च्या कोलॅजनची असते आणि तिचे तंतू कसेही आडवेतिडवे पडलेले असतात. त्यांच्या जागी पायाच्या लांबीने जाणारे भक्कम तंतू यायला महिने लागतात. दुखणे मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबलेले असते. शिवाय पूर्ण भरलेला व्रणही मूळ लिगामेंटइतका लवचीक होत नाही, त्यामुळे तीच जागा पुन्हा फाटण्याची भीती राहते.

मग घोडा नुसता बांधून ठेवावा का? तेही नाही. तंतूंना सरळ रांगेत आणतो तो बेताचा ताणच. म्हणून थाणावर विश्रांती आणि दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटे हाताने धरून चालवणे, इथून सुरुवात होते. मिनिटे आठवड्या-आठवड्याने वाढवायची. साधारण तिसऱ्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी, आणि ती चांगली आली तरच सरळ रेषेत थोडी दुडकी. पाठीवर पूर्ण काम द्यायला बऱ्याचदा नऊ ते बारा महिने जातात. मागच्या पायात लिगामेंटच्या वरच्या टोकाला झालेली इजा याहून चिवट असते; तिथे नुसती विश्रांती अनेकदा पुरत नाही.

चालवायला जमीन सपाट आणि घट्ट हवी. मऊ वाळू पायाला बरी, असे समजून घोडा समुद्रकाठी नेणारे प्रेमापोटीच नेतात. पण खोल वाळूत खूर रुततो आणि याच लिगामेंटवर जास्त ताण येतो. लहान गोल फेऱ्याही नकोत. माथेरानसारख्या चढउतारांच्या गावात सपाट तुकडा शोधावा लागेल आणि निसरडे पेव्हर ब्लॉक टाळावे लागतील.

आता चंदी. काम बंद असताना तीच चंदी चालू ठेवली की घोडा अंगात मावत नाही, आणि एका उडीत महिन्यांची कमाई जाते. दाणा कमी करावा, गवत थोडे थोडे पण वारंवार द्यावे, पाणी सतत समोर हवे. उभ्या घोड्याची आतडी मंदावतात आणि पोटशूळ उठू शकतो. शेजारी दुसरा घोडा दिसत राहिला तर जखमी घोडा शांत राहतो. चांगल्या पायाकडेही रोज पाहावे, कारण जास्तीचा भार त्याच्यावर आलेला असतो. त्याचा खूर गरम लागला किंवा घोडा त्या पायावर उभे राहायला कचरू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे.

माथेरानमध्ये पर्यटकांच्या गाड्या गावाबाहेर दस्तुरीलाच थांबतात. पुढे घोडेवाल्यांचे घर घोड्याच्या पाठीवर चालते. हंगामात उभा असलेला घोडा म्हणजे बुडालेला रोज, हे मला कळते. तरी सांगतो, मालकाने लवकर जुंपलेल्या घोड्याचे लिगामेंट पुन्हा फाटले, तर पुढचा हंगामही जातो आणि कधी घोडाच कामातून जातो. साईसाने तबेल्याच्या भिंतीवर रोजची मिनिटे, सूज आणि गरमपणा खडूने लिहून ठेवावा. आदल्या दिवसापेक्षा पाय गरम लागला, तर मिनिटे वाढवायची नाहीत, कमी करायची. कुरणात मोकळे सोडणे सगळ्यात शेवटी, डॉक्टरांनी होकार दिल्यावर.

पुढच्या लेखांकात नालबंदाचे काम पाहू : टाचेला आधार देणारी नाल आणि वाढलेल्या खुराची छाटणी.