पाटाच्या कडेने सायकल, पण मात्रा सांभाळून

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी साडेआठच्या सुमारास दवाखाना नुकताच उघडला होता. दोन तरुणांनी एका निवृत्त गुरुजींना मोटारसायकलवर मधे बसवून आणले. अंगातला सदरा घामाने चिंब, हात थरथरत होते, पण शुद्ध होती. झाले असे की, गुरुजी पाटाच्या कडेला सायकल आडवी टाकून बसले होते. ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईंनी "बाबा, बरं वाटंना का?" म्हणून विचारले, तर उत्तर भलतेच आले. त्या बाईंनी गुळाचा खडा चघळायला दिला, वर पाणी पाजले आणि वाटेने जाणाऱ्या पोरांना थांबवले. दवाखान्यात मी रक्तातली साखर तपासली. गूळ खाऊनही ती ६८ भरली!

थोडे सावरल्यावर गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच सांगितलं होतंत ना, सायकल चालवा म्हणून?"

सांगितले होते खरे. बारा वर्षांचा मधुमेह, गुडघे कुरकुरणारे, चालणे होत नाही अशी तक्रार. मी चिठ्ठीवर 'रोज सायकल' असे दोन शब्द लिहिले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. गोळी कधी घ्यायची, पोटात काय हवे, किती वेळ चालवायची, यातले काहीच सांगितले नाही. गुरुजी पहाटे गोळी घेऊन, नुसत्या बिनसाखरेच्या चहावर दीड तास सायकल मारत होते. चूक त्यांची नव्हती, माझी होती. राहून गेलेली ती चिठ्ठी आज सविस्तर लिहीत आहे.

कच्चा रस्ताच का?

आपल्या फलटणकडे नीरा उजवा कालवा आहे. त्याला आपण कोणी कॅनॉल म्हणतो, कोणी पाट. पाटाचे पाणी ओढ्यासारखे धावून चालत नाही, नाहीतर काठ खरवडून निघतील. म्हणून मोठ्या कालव्याला मैलामागे जेमतेम फूट-दोन फूट उतार दिलेला असतो. साहजिकच त्याच्या कडेची मुरमाची वाटही तशीच सपाट असते. चढ नाही, उतार नाही, म्हणजे हृदयावर एकाएकी ताण नाही. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पाणी, मधूनच एखादा बगळा. पंढरपूर रस्त्यावरच्या ट्रकांचा धूर आणि हॉर्न इथे नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला याहून चांगली व्यायामशाळा कुठे मिळणार?

परदेशात अशा खडी-मातीच्या वाटांवर सायकल चालवण्याचे मोठे वेड आहे. इटलीतल्या टस्कनी भागात पांढऱ्या मातीचे जुने रस्ते टिकावेत या हेतूने १९९७ साली जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते. यासाठी जी 'ग्रॅव्हल बाईक' मिळते तिची किंमत ऐकून आपण सायकलवरून पडू! पण तिचे मुख्य वैशिष्ट्य काय, तर साधारण ४० मिलिमीटर रुंदीचा टायर. आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा अठ्ठावीस-दीडचा टायर म्हणजे दीड इंच, जवळजवळ तेवढाच. तेव्हा माळ्यावरची वडिलांची सायकल खाली काढा, ब्रेकचे रबर बदलून घ्या आणि निघा.

मात्रा किती?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. पण पहिल्याच दिवशी अर्धा तास नको. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे जाणे आणि दहा मिनिटे येणे पुरे. पाटाच्या वाटेवर एक गोष्ट लोक विसरतात. जितके लांब जाल, तितकेच परत यायचे असते, आणि तिथे रिक्षा मिळत नाही. वारा असेल तर जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर येताना तोच वारा मदतीला येतो.

मुरमावर चाक जड चालते, म्हणून वेगाकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा. सायकल चालवताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलता बोलता धाप लागली तर पाय सैल सोडा. सहज गाता येत असेल तर थोडा जोर लावा.

मधुमेहींसाठी खास

व्यायाम करताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून तर आपण व्यायाम सांगतो. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका फार कमी. आपली गोळी कोणती, हे चिठ्ठी दाखवून डॉक्टरांना विचारा. व्यायाम सुरू केल्यावर गोळीची मात्रा किंवा वेळ बदलावी लागते, पण ती स्वतःच्या मनाने बदलू नका.

अशा रुग्णांनी उपाशीपोटी निघू नये. अर्धी भाकरी किंवा एखादे केळे खाऊन निघावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी सायकलच्या आधी मांडीत टोचू नये, पोटावर टोचावे. पाय हलू लागले की मांडीतले औषध लवकर रक्तात उतरते.

दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी भूक, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे. लगेच थांबा. चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. साखर नसेल तर गूळ चालेल. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्या आणि बरे वाटल्यावर काहीतरी खा. शेंगदाण्याचा लाडू अशा वेळी कामाचा नाही, कारण त्यातल्या तेलामुळे साखर सावकाश चढते. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. थेट दवाखाना गाठा. जास्त वेळ सायकल चालवलेल्या दिवशी साखर कित्येक तासांनी, अगदी रात्री झोपेतही उतरू शकते, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

हादरे आणि हातपाय

कच्च्या वाटेवरचे हादरे अंगात मुरतात. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या त्या कडेची नस दाबली जात आहे असे समजा. हॅंडल घट्ट आवळू नका, हाताची जागा बदलत राहा, कोपर किंचित वाकलेले ठेवा. बैठकीच्या जागी बधिरपणा आला तर उतरून चाला आणि सीट बदला किंवा तिचा कल सरळ करून घ्या. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला राहील इतकी सीट उंच हवी. सीट बुटकी असली की गुडघे दुखतात आणि दोष सायकलला मिळतो. चाकात दगडासारखी हवा भरू नका, थोडी कमी असली की खड्डे टायर सोसतो.

मधुमेहींनी चपलेवर सायकल चालवू नये. बूट-मोजे घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. बाभळीचा काटा रुतला तरी बधिर पायाला कळत नाही. तसेच डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आधी करून घ्यावी. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर हादऱ्यांची वाट नको.

वाटेवरचे धोके

पाटाला पाणी सुटलेले असताना पाण्याच्या बाजूने नव्हे, शेताच्या बाजूने सायकल चालवा. काठ निसरडे असतात, आत पडलेल्या पोहणाऱ्यालाही बाहेर येणे अवघड जाते. वाट अरुंद झाली तर उतरून चाला, फाटक बंद असेल तर मागे फिरा. पावसाळ्यात काळी माती चाकाला बसते, तेव्हा चार दिवस सुट्टी घ्या. कुत्रे मागे लागले तर वेग वाढवू नका. उतरा आणि सायकल मधे धरा. चावलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. जखमेत हळद-चुना भरू नका.

छातीत दुखणे, थोड्या श्रमाने दम लागणे, चक्कर, किंवा १८०/११० च्या वर रक्तदाब असेल तर आधी तपासणी, मग सायकल. सायकल चालवताना छातीत दडपण आले, ते डाव्या हातात किंवा जबड्यात गेले, तर 'गॅस असेल' म्हणत घरी येऊ नका. तिथेच थांबून मदत मागवा. यासाठी एकट्याने जाऊ नये. जायचेच तर कोणत्या बाजूला जातो ते घरी सांगावे. खिशात फोन हवा, आणि नाव, आजार, गोळ्या लिहिलेला कागद हवा.

गुरुजींची गोळी मी बदलली. ते आता न्याहारीनंतर शेजाऱ्याला सोबत घेऊन निघतात, सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असते. चार महिन्यांत त्यांची साखर आटोक्यात आली आणि गुडघ्यांची कुरकुरही कमी झाली. त्या बाईंचे आभार मानायला ते फडावर गेले होते, पण टोळी पुढच्या गावाला निघून गेली होती.

मीही आता चिठ्ठीवर नुसते 'सायकल' लिहीत नाही. किती, केव्हा आणि काय खाऊन, हे तिन्ही लिहितो. तुमच्या डॉक्टरांनी लिहिले नसेल तर संकोच न करता विचारा. विचारणारा रुग्ण आम्हाला जड वाटत नाही, न विचारता पाटाच्या कडेला बसलेला वाटतो.