कोळसा सच्छिद्र होतो कसा?

कुकरच्या मुठीला कधी गॅसची झळ लागली असेल तर आठवून पाहा. उग्र वास येतो, मूठ तडकते, तिची चकाकी जाते. पण ती वितळून ओघळत नाही. त्याच झळेला प्लास्टिकची पिशवी धरली तर तिचा क्षणात थेंब होतो. पॉलिमरपासून, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या पदार्थापासून, सच्छिद्र कार्बन बनवण्याची निम्मी गोष्ट या फरकात आहे.

गैरसमज : कोणतंही प्लास्टिक जाळलं की कार्बन मिळतो.

उघड्यावर जाळलं तर बराचसा कार्बन वायू होऊन उडून जातो, वर विषारी धूर होतो. कार्बन हवा असेल तर ऑक्सिजन वगळून, नायट्रोजनच्या वातावरणात, साधारण ६०० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवावं लागतं. तिथेही पॉलिथिनच्या साखळ्या तुटून तेल आणि वायू होतात, मागे जवळपास काही उरत नाही. मुठीतलं बेकेलाइट मात्र टिकतं, कारण त्याच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बांधलेल्या असतात. त्या रेझिनच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग कार्बन म्हणून हाती येतो. स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीतल्या पॉलिमरला ही बांधणी आधी करून द्यावी लागते. त्यासाठी तो हवेतच २०० ते ३०० अंशांवर सावकाश तापवतात. पांढरा धागा पिवळा, तपकिरी, मग काळा होतो आणि त्यानंतर वितळत नाही.

डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रांमुळे ओळखल्या जाणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन यांचं कार्बनवरचं काम मला तितकंच मोठं वाटतं. १९५१ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की पीव्हीसीपासूनचा कार्बन पुढे तापवला की ग्राफाइट होतो, पण त्याच्या जवळच्या नात्यातल्या पॉलिव्हिनिलिडिन क्लोराइडपासूनचा कार्बन ३००० अंशांनाही ग्राफाइट होत नाही. त्याचे सूक्ष्म थर वेडेवाकडे अडकून बसतात आणि मधल्या फटी तशाच राहतात.

गैरसमज : छिद्रं बाहेरून पाडतात.

बहुतेक फटी आतल्या आत तयार होतात. हायड्रोजन, ऑक्सिजन निघून जातात, उरलेले थर नीट बसत नाहीत. मग ८०० ते ९०० अंशांवर वाफ सोडली की ती थोडा कार्बन खाते आणि बुजलेल्या वाटा मोकळ्या करते. अशा एका ग्रॅमचं आतलं पृष्ठफळ १००० चौरस मीटरवर जाऊ शकतं, म्हणजे कबड्डीची सात-आठ मैदानं!

तरी पृष्ठफळाच्या आकड्यावर भुलू नये. दोन नॅनोमीटरहून अरुंद छिद्रांत रंगद्रव्याचे मोठे रेणू शिरतच नाहीत. कशासाठी कार्बन हवा आहे, त्यावर छिद्राचं माप ठरवावं लागतं.

नारळाची करवंटीही याच कुळातली. तिच्यातलं लिग्निन आणि सेल्युलोज हे निसर्गाचे पॉलिमर, आणि तेही न वितळता कोळसा होतात. पाण्याच्या फिल्टरमध्ये बहुधा हाच कार्बन असतो. तो क्लोरीन आणि वास काढतो. विरघळलेले क्षार काढत नाही, जंतूंसाठीही त्याच्यावर विसंबू नका. आणि कार्ट्रिज वेळेवर बदला. धुऊन, उन्हात वाळवून ही छिद्रं पुन्हा मोकळी होत नाहीत.