जुनी गिटार घेताना आधी मान पाहा

१९७० मध्ये एरिक क्लॅप्टनने नॅशव्हिलच्या शो-बड दुकानातून जुन्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारी स्वस्तात उचलल्या. तीन त्याने जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड यांना देऊन टाकल्या. उरलेल्यांमधले उत्तम भाग निवडून एक काळी गिटार जुळवली, तीच ‘ब्लॅकी’. २००४ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली!

असे भाग जुळवणं जमलं, कारण स्ट्रॅटची मान बॉडीला चिकटवलेली नसते, स्क्रूंनी बसवलेली असते.

जुनी गिटार घेतानाही पहिली नजर मानेवरच हवी. ती वाकलेली असेल तर तिला सरळ करणारा आतला ट्रस रॉड फिरतो का, हे विचारावं. तो जाम असेल तर सौदा सोडलेला बरा. फ्रेटमध्ये तारांनी खोल खाचा पाडल्या असतील, तर ते बदलणं महागात पडतं. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना येणारी खरखर मात्र बहुतेकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, तिला घाबरू नये.

हौशी मंडळी लगेच पिकअप बदलायला धावतात. त्याआधी नव्या तारा आणि चांगला सेटअप करून घ्यावा. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. आणि काढलेले मूळ भाग टाकू नका, पुढे विकताना गिऱ्हाईक ते हमखास मागतं.