'अ' जीवनसत्त्व, रक्तपेशी आणि अर्बुदे

न्यासाच्या वैद्यकीय साहाय्य समितीचे काम पाहताना आम्हांस एक प्रश्न फिरून फिरून विचारला जातो. घरात कोणास कर्करोगाचे निदान झाले, की चार दिवसांत कोणी आप्त गाजराच्या रसाचा आग्रह धरतो, तर कोणी माशाच्या तेलाच्या गोळ्यांची बाटली घेऊन येतो. मग रुग्णाची आई किंवा पत्नी आम्हांस हळूच विचारते, "'अ' जीवनसत्त्वाने गाठ विरते म्हणतात, द्यावे का?" यास नुसते 'नाही' म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे होणार नाही. रक्ताच्या एका कर्करोगावर या जीवनसत्त्वाच्या एका रूपाने खरोखरच चमत्कार वाटावा असे काम केले आहे. ती हकीकत नीट समजली म्हणजे इतर ठिकाणी तेच का चालत नाही, हेही उमगते.

आपणां हैदराबादकरांस 'अ' जीवनसत्त्व ठाऊक आहे ते डोळ्यांसाठी. तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ साली कुन्नूरहून येथे आली. तिच्या अभ्यासाच्या आधारे १९७० साली लहान मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाचा मोठा डोस पाजण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. रातांधळेपणा आणि त्यापुढचे अंधत्व टाळणे हा तिचा हेतू. परंतु या द्रव्याचे काम डोळ्यांपुरते नाही. १९२५ साली वोल्बाक व हाऊ या अमेरिकन संशोधकांनी दाखविले, की ज्या उंदरांच्या आहारात हे जीवनसत्त्व नाही, त्यांच्या श्वासनलिकेचे मऊ, ओलसर अस्तर कातडीसारखे कोरडे व राठ बनते. म्हणजे पेशीने मोठेपणी काय व्हावे, हे ठरविण्यात या द्रव्याचा हात असतो.

आता रक्ताकडे वळू. हाडांतील मज्जेत रोज अब्जावधी पेशी जन्मतात, टप्प्याटप्प्याने परिपक्व होतात, काम करतात आणि मरतात. 'अ' जीवनसत्त्वापासून शरीरात रेटिनोइक आम्ल तयार होते. ते पेशीच्या केंद्रातील एका ग्राहक प्रथिनास चिकटले, की काही श्वेतपेशींना 'आता वयात या' असा हुकूम सुटतो. 'अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया' या रोगात नेमका येथेच घोटाळा होतो. १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून आपापसांत अदलाबदल होतात, आणि ते ग्राहक प्रथिन भलत्याच प्रथिनास जोडले जाते. हे जोडप्रथिन दारास घट्ट कडी घालून बसते. शरीरातील नेहमीच्या प्रमाणातील आम्लाने ती कडी निघत नाही. पेशी पोरवयातच अडकतात, मरत नाहीत, आणि मज्जा त्यांनीच भरून जाते.

हा रोग फार घातकी. हिरड्यांतून रक्त, अंगावर विनाकारण निळे डाग, नाकातून न थांबणारे रक्त, आणि केव्हा मेंदूत रक्तस्राव होईल याचा नेम नाही. म्हणूनच आज डॉक्टर रक्ताच्या साध्या तपासणीवरून संशय येताच, गुणसूत्रांचा अहवाल हाती येण्याची वाट न पाहता, औषध सुरू करतात. अशी लक्षणे दिसली तर 'उष्णता झाली असेल' म्हणून कोकमाचे सरबत पाजत घरी बसू नये, हे येथेच सांगून ठेवतो.

ते औषध म्हणजे रेटिनोइक आम्लच. अमेरिकेत ब्राइटमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास काचेच्या बशीत दाखविले, की या आम्लाने ल्युकेमियाच्या पेशी परिपक्व होतात. शांघायचे डॉ. वांग झेन्यी यांनी १९८५ साली ते एका पाच वर्षांच्या, अत्यवस्थ मुलीस दिले. मुलगी वाचली. १९८८ साली त्यांच्या गटाने २४ रुग्णांचा वृत्तांत छापला. चोवीसही जणांचा रोग मागे हटला होता. एकासच त्यासाठी जुन्या औषधाची थोडी जोड लागली. पेशी मारावयाची नाही, तिला मोठी होऊ द्यावयाची, म्हणजे ती आपल्या वेळी आपोआप मरते, हा विचार तोवर कर्करोगाच्या उपचारात कोणी असा यशस्वी करून दाखविला नव्हता.

मात्र केवळ याच औषधावर राहिलेल्यांचा रोग बहुधा काही महिन्यांत परतत असे. म्हणून जोडीस इतर औषधे आली, आणि त्यांत सर्वांत नवलाचे औषध निघाले ते सोमल! होय, आपल्या जुन्या वैद्यांचा तोच विषारी सोमल. चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांनी १९७० नंतरच्या दशकात त्याचा शुद्ध द्राव शिरेतून देण्यास सुरुवात केली होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, रोगाचा जोर बेताचा असलेल्या रुग्णांना ही दोन औषधे एकत्र दिली. दोन वर्षांनंतर शंभरांतील ९७ जण रोग न उलटता सुखरूप होते. अर्थात ही दोन्ही औषधे इस्पितळातच, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर घ्यावयाची. पेशी एकदम परिपक्व होऊ लागल्या की ताप, धाप आणि सूज येऊन जीव धोक्यात येऊ शकतो.

मग इतर अर्बुदांचे काय? मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा नावाच्या गाठीवर या कुळातील एका औषधाचा उपयोग होतो. पण फुफ्फुस, स्तन, आतडी यांच्या नेहमीच्या कर्करोगांत ती विशिष्ट कडी नसतेच. तेव्हा किल्ली कितीही फिरविली तरी दार उघडणार कसे? इतकेच नव्हे, तर उलटा अनुभवही आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत, ज्यांना गाजरातील बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. ते १९९४ साली जाहीर झाले. अमेरिकेत विडी-सिगारेट ओढणाऱ्या व अॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्या १८,३१४ जणांवरील चाचणीत 'अ' जीवनसत्त्वही सोबत दिले होते. तेथे ही वाढ २८ टक्के दिसली आणि १९९६ साली चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली.

तेव्हा त्या माउलीस आम्ही सांगतो ते असे. गाजराची कोशिंबीर, शेवग्याच्या पाल्याची भाजी, पिकला आंबा, रुग्णास रुचेल व डॉक्टरांची ना नसेल तर खुशाल द्या; ते अन्न आहे. गोळ्यांची गोष्ट निराळी. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठते. अतिरेक झाला तर यकृतासच इजा होते. गर्भवतीने तर जास्त मात्रेच्या गोळ्यांना आणि मुरमांवर मिळणाऱ्या या कुळातील औषधांना शिवूही नये, कारण गर्भात व्यंग येते. आप्तांनी बाटली आणलीच असेल तर ती लपवू नका. पुढच्या भेटीस पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा.